टेबलाभोवतीची शाळा: अमेरिकेतली फिलिप्स एक्सेटर, एका निवृत्त गणित शिक्षकाच्या नजरेतून

नात एक्सेटरला शिकते म्हटलं की आमच्या कट्ट्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "फी किती हो?" तेव्हा ते आधीच उरकतो. राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च पासष्ट हजार डॉलरच्या वर जातो. आजच्या भावाने पंचावन्न लाखांच्या पुढे. आकडा ऐकला की समोरचा मान हलवतो आणि विषय संपतो. पण त्याला जोडून दुसरी गोष्ट सांगायची राहते. या शाळेकडे देणग्यांतून साठलेला निधी एक अब्ज डॉलरहून जास्त आहे. ज्या घरचं वार्षिक उत्पन्न सव्वा लाख डॉलरपर्यंत आहे, त्या घरच्या मुलाला तिथे एक पैसा पडत नाही. त्याच्या वरच्यांनाही ऐपत बघून सवलत मिळते. 2021 साली शाळेने जाहीर केलं की प्रवेश देताना पालक फी भरू शकतील की नाही हे बघितलंच जाणार नाही. मुलगी-जावई न्यू जर्सीत नोकरी करतात, खाऊनपिऊन सुखी आहेत, पण पूर्ण फी त्यांच्याही खिशाबाहेरची होती. उत्पन्नाचे कागद लावले, सवलत बसली, पोरगी गेली.

मी सांगलीत हायस्कूलला गणित शिकवायचो. वर्गात सत्तर मुलं, तीन रांगा, शेवटच्या बाकावर कोण काय करतंय हे खडूचा आवाज न थांबवता ओळखायचं. त्यामुळे ही शाळा मी मास्तर म्हणून बघितली. पोहण्याचे तलाव, बर्फावरच्या हॉकीची मैदानं यांची वर्णनं दुसऱ्या कुणाकडून ऐका.

न्यू हॅम्पशायर राज्यातलं एक्सेटर हे लहानसं गाव. शाळा 1781 ची, जॉन आणि एलिझाबेथ फिलिप्स या नवरा-बायकोने काढलेली. म्हणजे आपल्याकडे पेशवाई चालू होती तेव्हाची. मुलं अकराशेच्या आसपास, नववी ते बारावी. त्यांपैकी साधारण ऐंशी टक्के वसतिगृहात राहतात, बाकीची गावातून ये-जा करतात. शाळेच्या इतिहासात मला आवडलेला माणूस म्हणजे अब्राहम लिंकनचा मुलगा रॉबर्ट. हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेत तो सपशेल आपटला, म्हणून वर्षभर तयारी करायला इथे आला. 1860 च्या मार्चमध्ये लिंकन पोराला भेटायला आले आणि आले तसे गावात एक भाषणही ठोकून गेले. त्याच वर्षी ते अध्यक्षपदाची निवडणूक जिंकले. नापास पोराच्या निमित्ताने बापाचा प्रचार झाला म्हणायचं!

आता मुद्द्याचं. या शाळेत बाकांच्या रांगा नाहीत. प्रत्येक वर्गात एक मोठं लांबट गोल टेबल, त्याभोवती बारा मुलं आणि तेरावे शिक्षक. गणित असो, इतिहास असो, लॅटिन असो, बसायची रीत हीच. 1930 साली एडवर्ड हार्कनेस नावाच्या धनिकाने (तेलाच्या धंद्यातला वडिलोपार्जित पैसा) शाळेला 58 लाख डॉलर दिले आणि अट घातली की शिकवण्याची पद्धतच बदला, किरकोळ डागडुजी नको. त्याचं म्हणणं असं होतं की हुशार मुलगा कुठेही बोलतो. जो मधला आहे, जो मागे पडतो, त्याला तोंड उघडावंसं वाटेल अशी बैठक हवी. तेव्हापासून ते टेबल त्याच्याच नावाने ओळखलं जातं, हार्कनेस टेबल. गोलाला कोपरा नसतो, त्यामुळे शेवटचा बाकही नसतो. लपायला जागाच नाही. टेबलाच्या कडेखालून ओढून काढायच्या फळ्या असतात, चाचणीच्या वेळी त्या बाहेर काढून मुलं लिहितात.

ऑक्टोबरात पालकांसाठी शाळा दोन-तीन दिवस खुली असते आणि वर्गात भिंतीशी खुर्ची टाकून बसू देतात. पालकांनी तोंड उघडायचं नाही एवढीच अट. नात मला दारातच म्हणाली, "आजोबा, प्लीज, उत्तर सांगायचं नाही हं." मी म्हटलं, बघू.

गणिताचा तास. मुलं आत आली ती थेट भिंतींवरच्या फळ्यांकडे गेली. चारही बाजूंना फळे आहेत. आदल्या रात्री सोडवून आणलेली उदाहरणं ज्याची त्याने लिहायला घेतली. शिक्षिका अजून पर्स ठेवत होत्या आणि सहा-सात उदाहरणं भिंतीवर चढली होती. त्यात एक होतं: (1, 2) आणि (7, 4) या दोन बिंदूंपासून सारख्या अंतरावर असलेले सगळे बिंदू कुठे असतील? एका मुलाने अंतराचं सूत्र दोन्ही बाजूंना लिहून, वर्ग करून, लांबलचक विस्तार मांडला होता. शेजारी एका मुलीने मध्यबिंदू (4, 3) काढून दोन ओळींत रेषा आणली होती. दोघांची उत्तरं जुळत नव्हती. तिच्या रेषेचा चढ 3 होता, त्याच्या रेषेचा उणे 3.

माझा हात शिवशिवला. सांगलीत असतो तर "चिन्ह बघ, चिन्ह!" म्हणून डस्टर आपटलं असतं आणि पुढे गेलो असतो. या बाई टेबलाशी हनुवटीवर हात ठेवून बसून राहिल्या. मुलं दोन्ही फळ्यांकडे आळीपाळीने बघत होती. एक जण म्हणाला, विस्तारात चूक होण्याची शक्यता जास्त, तेव्हा मुलीचंच बरोबर असावं. दुसरीने विचारलं, पण आपल्याला कळणार कसं? मग तिसऱ्याने मुलीच्या रेषेवरचा (3, 0) हा बिंदू घेतला आणि दोन्ही अंतरांचे वर्ग काढले: एकीकडे 8, दुसरीकडे 32. मग मुलाच्या रेषेवरचा (5, 0) घेतला: इकडे 20, तिकडेही 20. जिचं चुकलं होतं ती स्वतः उठली, दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेला आपली रेषा लंब असायला हवी हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने चिन्ह बदललं. बाईंनी एवढंच विचारलं की दोन्ही रीतींपैकी कुठली कधी वापरावी. त्यावर पुन्हा चर्चा. एका उदाहरणाला माझ्या हिशेबाने तिप्पट वेळ गेला. पण उत्तर तपासायचं कसं हे त्या बारा जणांना कुणी सांगितलं नाही, त्यांनी शोधलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहितो.

गणिताला तिथे पाठ्यपुस्तक नाही. शाळेच्या गणित शिक्षकांनीच वर्षानुवर्षं घासूनपुसून तयार केलेल्या उदाहरणांच्या वह्या आहेत. धडे नाहीत, प्रमेयांच्या चौकटी नाहीत, सोडवलेली नमुना उदाहरणं नाहीत. नुसती उदाहरणं, एकामागून एक, बीजगणित आणि भूमिती एकमेकांत मिसळलेली. पहिल्या वहीची सुरुवात बघा: प्रकाश सेकंदाला 186 हजार मैल जातो, सूर्य 9 कोटी 30 लाख मैल दूर आहे, तर प्रकाश पृथ्वीवर यायला किती वेळ? (500 सेकंद, सव्वाआठ मिनिटांच्या थोडं वर.) हे ठीक, आपल्याकडेही असतं. पण पुढचंच विचारतं, एकापासून एक अब्जापर्यंत मोठ्याने मोजायला तुला किती वेळ लागेल? आधी अंदाज लिही, मग विचार करून उत्तर काढ, आणि हिशेब करताना काय काय गृहीत धरलंस ते सांग.

या उदाहरणावर मी एक आख्खी दुपार घालवली. सेकंदाला एक आकडा धरला तर जवळजवळ बत्तीस वर्षं. पण "सत्त्याऐंशी कोटी पासष्ट लाख त्रेचाळीस हजार दोनशे एकोणीस" एका सेकंदात कोण म्हणणार? बहुतेक आकडे नऊ अंकीच असतात. पाच सेकंद धरले तर दीडशे वर्षांच्या वर. त्यात झोप, जेवण धरलंच नाही. उत्तर एक नाही, गृहीतकं बदलली की बदलतं, आणि हे चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्याच आठवड्यात कळतं. बोर्डाच्या पेपरात असला प्रश्न आला असता तर दुसऱ्या दिवशी पेपरांतून "अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न" म्हणून ओरड झाली असती आणि सरसकट गुण वाटावे लागले असते.

दुसरी वही उघडली की 5 बाय 5 आणि 3 बाय 3 असे दोन चौरस समोर येतात. ते कापून, तुकडे जुळवून एकच मोठा चौरस करायचा आहे, तर त्याची बाजू किती? क्षेत्रफळं 25 आणि 9, म्हणून 34 चं वर्गमूळ. मग कापायचं कुठे ते शोधा. पायथागोरसचं नावसुद्धा न घेता मूल प्रमेयाच्या दारात उभं. मी हे प्रमेय किती वेळा फळ्यावर "सिद्धता लिहून घ्या" म्हणून उतरवलं असेल, देव जाणे.

आणि या सगळ्या वह्या शाळेच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. कुणीही उतरवून घ्याव्यात. म्हणजे त्या शाळेतली मला सगळ्यात मोलाची वाटलेली वस्तू सांगलीत, साताऱ्यात, शिरोळला, कुठल्याही मास्तरला आज दुपारी मिळू शकते. जी मिळत नाही ती पटसंख्या. फीचा खरा हिशेब तिथे आहे. बारा मुलांमागे एक शिक्षक, आणि तेही सगळ्या विषयांना, चारही वर्षं.

मला न पटलेलंही सांगतो. त्या वह्यांत एकाच प्रकारची दहा-पंधरा उदाहरणं सलग येत नाहीत. एखादी कल्पना दिसते, लपते, वीस उदाहरणांनी पुन्हा डोकावते. ज्याची पाटी पक्की आहे त्याला यात मजा आहे. ज्याला अपूर्णांकांचा सराव कमी पडलाय, त्याला हात बसायला जागा सापडत नाही. तो सराव त्याने स्वतः करायचा किंवा शिक्षकांना वेगळं गाठायचं. हाताला वळण लागल्याशिवाय डोकं मोकळं होत नाही, असं माझं जुनं मत आहे आणि टेबल बघूनही ते बदललं नाही. नातीशी यावर वाद झाला. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही सराव म्हणता ते आम्ही रात्री करतो, वर्गात फक्त भांडतो." बरं.

दुसरी शंका अबोल मुलांबद्दल. वर्गात बोलणं हाच जिथे अभ्यास, तिथे जे मूल आतल्या आत विचार करतं त्याचं काय? आमची पोरगी तशीच, तिच्या आजीवर गेलेली. पहिल्या सत्रात ती रोज रात्री दोन प्रश्न लिहून ठेवायची आणि वर्गात त्यातला एक तरी विचारायचाच असा नेम केला होता. इंग्रजीच्या तासाला मी बघितलं, बाई एका कागदावर लांबगोल काढून त्याभोवती मुलांची नावं लिहून बसल्या होत्या. जो बोलेल त्याच्याकडून ज्याला बोलेल त्याच्याकडे रेघ. तासाअखेर तो कागद कोळ्याच्या जाळ्यासारखा झाला होता, आणि तो त्यांनी मुलांपुढे ठेवला. कोण दहा वेळा बोललं, कोण एकदाच, कुणाचं बोलणं कुणीच उचललं नाही, सगळं रेघांत उघड. सगळ्यात जास्त रेघा असलेला मुलगा लाजला. माझ्या मते त्याला मिळालेला धडा हा गप्प मुलीला मिळालेल्या धड्याइतकाच कामाचा होता. तरीही, ज्या मुलाला चारचौघांत बोलायची धास्तीच आहे, त्याला "तिथे गेला की सुधारेल" म्हणून पाठवू नका. दिवसाला चार-पाच टेबलं, आणि प्रत्येक ठिकाणी तोंड उघडायचं, ही सोपी गोष्ट नव्हे.

ग्रंथालयाबद्दल लिहिल्याशिवाय सोडणार नाही. वास्तुरचनाकार लुई कानने बांधलेलं, 1971 साली उघडलेलं. हो, तोच कान, अहमदाबादच्या आयआयएमवाला. बाहेरून बघाल तर विटांचा साधा चौकोनी ठोकळा. गावातल्या जुन्या विटांच्या इमारतींच्या ओळीत निमूट उभा. दार कुठे आहे तेही चटकन कळत नाही. आत गोल जिना चढून वर आलात की मधला उंच चौक लागतो आणि त्याच्या चारही बाजूंना काँक्रीटच्या भिंतींत प्रचंड वर्तुळं कापलेली. त्या वर्तुळांतून प्रत्येक मजल्यावरची पुस्तकं दिसतात. अहमदाबादला विटांत कापलेल्या गोल कमानी ज्यांनी बघितल्या आहेत, त्यांना हा हात लगेच ओळखू येईल. कानची कल्पना साधी होती: माणूस पुस्तक घेतो आणि उजेडाकडे जातो. म्हणून पुस्तकं आतल्या बाजूला, आणि बाहेरच्या भिंतीला खिडकीखाली लाकडी बैठका, एकेकट्याने बसायच्या. प्रत्येक बैठकीला तिची स्वतःची छोटी खिडकी आणि सरकणारी लाकडी झडप. उजेड नको तर झडप ओढून घ्या. मी एकीत जाऊन बसलो. लाकूड हाताला गुळगुळीत लागत होतं, कोपरं टेकायची जागा अर्ध्या शतकाच्या कोपरांनी काळवंडलेली. इमारत तयार झाल्यावर जुन्या ग्रंथालयातली पुस्तकं नव्यात नेली ती विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी, वर्ग बंद ठेवून, हातांवर वाहून.

1974 साली कान अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनवर वारले. आयआयएमचं उरलेलं काम पुढे आपल्या अनंत राजे यांनी सांभाळलं, जे त्याआधी फिलाडेल्फियाला कानच्याच हाताखाली काम करून आले होते. एक्सेटरच्या त्या वर्तुळांखाली उभं राहून मी जावयाला हे सांगितलं, तर तो अहमदाबादला शिकलेला असूनही त्याला राजे माहीत नव्हते. तिथल्या तिथे बौद्धिक घेतलं.

राहण्याचं म्हणाल तर वसतिगृहं विटांची, जुन्या धाटणीची, आणि त्यांत शिक्षक बायकामुलांसह राहतात. म्हणजे ज्या बाई सकाळी इतिहास घेतात, त्यांचं रांगतं मूल संध्याकाळी बैठकीच्या खोलीत मुलींच्या पायांत घुटमळतं. बारावीतल्या काही मुली धाकट्यांवर ताई म्हणून नेमलेल्या. रात्री ठरलेल्या वेळी आत येऊन शिक्षकांना तोंड दाखवायचं, ही हजेरी चुकत नाही. खेळ सगळ्यांना. काही शनिवारीही तास असतात. गावातल्या शाळांत शिकवायला जाणं, वृद्धांना भेटणं वगैरे समाजकार्य मुलांनीच चालवलेल्या संस्थेतून होतं. शाळेचं वर्तमानपत्र 1878 पासून विद्यार्थी काढतात. त्याच साली शेजारच्या अँडोव्हरशी सामन्यांची सुरुवात झाली. अँडोव्हरची शाळा जॉन फिलिप्सच्या पुतण्याने तीन वर्षं आधी काढलेली, त्यामुळे भाऊबंदकी म्हणायला हरकत नाही. आमची पोरगी घरी सामन्यांकडे ढुंकून बघत नसे, ती अँडोव्हरशी सामना होता त्या दिवशी लाल रंग फासून ओरडत होती.

बारावीला इंग्रजीत एक लांब लेख लिहायचा असतो, स्वतःच्या आयुष्यातल्या एखाद्या गोष्टीवर. त्यातले काही लेख शाळेच्या चर्चमध्ये, सगळ्यांसमोर, लिहिणाऱ्याने उभं राहून वाचायचे. प्रार्थनेसारखी शांतता, पण प्रार्थना नव्हे. सतरा-अठरा वर्षांची मुलं आजीच्या आजारावर, घर सोडण्यावर, स्वतःच्या रागावर लिहितात. आमच्या वेळी निबंध म्हणजे "मी पंतप्रधान झालो तर".

मुख्य इमारतीच्या दारावर लॅटिनमध्ये कोरलंय की मुलांनो, पुरुष होण्यासाठी इथे या. 1970 पासून मुलीही शिकू लागल्या, पण मुलींचा उल्लेख असलेलं नवं वाक्य कोरायला 1996 उजाडलं. जुनं पुसलं नाही, दोन्ही आहेत. मला हे आवडलं. चूक खोडण्यापेक्षा शेजारी दुरुस्ती लिहावी, वहीतही मी हेच सांगायचो.

पालकांनी डोळे झाकून जाऊ नये म्हणून हेही लिहितो. 2016 साली वर्तमानपत्रांतून बाहेर आलं की पूर्वीच्या काही दशकांत इथल्या काही शिक्षकांनी विद्यार्थ्यांचं लैंगिक शोषण केलं होतं. शाळेने बाहेरच्या वकिलांकडून चौकशी करून घेतली आणि 2018 मध्ये निष्कर्ष जाहीर केले. निवासी शाळा कुठलीही असो, पाचगणीची, डेहराडूनची की न्यू हॅम्पशायरची, प्रवेशाआधी पालकांनी विचारायचा प्रश्न हाच: मुलाला काही सांगायचं असेल तर ते कुणाकडे जाईल, आणि तो माणूस पुढे काय करेल? हा प्रश्न मुलीने मुलाखतीच्या वेळी सरळ विचारला. ज्या शाळेला तो आवडणार नाही, ती आपल्याला नको, असं तिचं म्हणणं. बरोबरच आहे.

तर कुणी पाठवावं? ज्या पोराला "का?" विचारल्यावाचून राहवत नाही, जे ऐकूनही घेतं, आणि ज्याला रात्री एकट्याने अभ्यासाला बसता येतं, त्याचा अर्ज जरूर भरा. ज्याचं गणित क्लासच्या नोट्सवर उभं आहे, त्याने आधी घरी त्या फुकट वह्यांतली पहिली पन्नास उदाहरणं कुणाची मदत न घेता करून बघावीत. राग आला तर शाळेचे पैसे वाचले, मजा आली तर पुढचं बघू.

बघायला जायचं असेल तर ऑक्टोबरच गाठा, पण राहायची सोय आधी करा. गाव लहान आहे आणि त्या आठवड्यात सगळे पालक येतात. बोस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून डाउनईस्टर नावाची गाडी एक्सेटरला थांबते. ग्रंथालयाला भर दिवसा जा, उजेड असताना. कोट न्या. ऑक्टोबरातली तिथली थंडी आपल्या डिसेंबरला मागे टाकते.